पुस्तकातला उसासा

डॉर्कस प्रेनच्या आईला श्वास पुरत नसे. फ्लीट स्ट्रीटवरून नदीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत कोळशाचा धूर शिरला की बाहेर पडायचं नाव घेत नाही, आणि तिची, थॉमसिनची, छाती त्या धुराने पार पोखरून टाकली होती. तरी पावा वाजवावा तर तिनेच. नवरा गॅमेलियल प्रेन कातारी, लाकूड कातणारा. पिवळसर, घट्ट लाकडाचे पावे ते करत. तोंडाशी चोच, वर सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. जुनी माणसं या पाव्याला रेकॉर्डर म्हणतात. दुकानात नवा पावा तयार झाला की गॅमेलियल तो आधी बायकोच्या हातात देत. ती दोन ओळी वाजवायची आणि मान डोलवायची, नाहीतर काही न बोलता परत द्यायची.

मुलीला तिने शिकवलं तेही असंच, थोडक्यात. लांब वाक्य बोलायला गेली की खोकल्याची उबळ यायची, म्हणून तिने एकेका गोष्टीला एकेक शब्द करून ठेवला होता. मागच्या भोकावर अंगठा अर्धवट दाबून वरचा सूर काढायचा, तो ‘चिमटा’. खालच्या भोकावर बोट आपटून सूर जागा करायचा, तो ‘ठोका’. बोटाची भरभर उघडझाप करायची, तो ‘कंप’. आणि लांबवलेला सूर संपत आला, श्वासाचा शेवटचा धागा उरला, की एक बोट जरासं, अर्धंच उचलायचं आणि तिथेच थांबायचं. सूर वर जातोय असं वाटतं आणि विझतो. त्याला ती ‘उसासा’ म्हणायची. यातले काही शब्द दुसऱ्या घरांतही असतील, लंडन मोठं आहे. उसासा मात्र मी फक्त त्यांच्याच घरात ऐकला.

मी प्रू टॅपर. समोरच्या घरात राहते, लोकांच्या कॉलरींना आणि लेसला खळ लावून देते. थॉमसिन गेली तेव्हा डॉर्कसला विसावं लागलं नव्हतं. गिऱ्हाईक पावा विकत घ्यायचं आणि दारातच उभं राहायचं, ‘घेतला खरा, पण वाजवायचा कसा?’ मग गॅमेलियल त्याला मागच्या खोलीत मुलीकडे पाठवत. बिनलग्नाची मुलगी परक्या पुरुषांना शिकवणार, तेव्हा कोणीतरी बाई जवळ हवी, म्हणून माझं शिवणटिपण घेऊन मी कोपऱ्यात बसायची. मला स्वतःला पावा वाजवता येत नाही. पण त्या खोलीत इतकी वर्षं काढली की चुकलेला सूर आता मला दातात खडा आल्यासारखा लागतो.

डॉर्कस चांगली शिकवायची. आईचेच शब्द, आईचाच थोडकेपणा. कोणी जोरात फुंकलं की म्हणायची, “दिवा विझवायचा नाहीये, ज्योत नुसती वाकवायची आहे.” हे वाक्यही थॉमसिनचंच. ते बोलताना डॉर्कसचा आवाज खाली यायचा.

निक थर्ल आला तो एका वसंतात. नदीकाठच्या नाटकघरात तो व्हायोलिन वाजवायचा. कोटाच्या बाह्या झिजलेल्या, पण मनगटाची लेस पांढरीशुभ्र, ताठ. ती माझ्याच हातची, म्हणून मला माहीत. हसायला लागला की खोलीतल्या सगळ्यांना वाटायचं, हा आपल्याच विनोदाला हसतोय.

“व्हायोलिनवाल्याला पावा कशाला हवा?” डॉर्कसने विचारलं.

“आजकाल व्हायोलिनला विचारतो कोण? वकिलापासून हलवायापर्यंत सगळ्यांना पावा पाहिजे. खिशात मावतो, होडीत बसून वाजवता येतो. आणि बायकोला आवाजाचा त्रास झाला तर चुलीत घालता येतो.”

ती हसली. मग तिने एक जुनी, संथ धून वाजवून दाखवली. निकचं हसू थांबलं.

“हे आत्ता शेवटी केलंस, ते काय होतं?”

“ते? उसासा.”

“कोणाचा?”

“आईचा,” डॉर्कस म्हणाली. तो यावर काही गमतीचं बोलला नाही, गप्प राहिला. माझ्या मते, ती त्याच्यात गुंतली ती त्या गप्प राहण्यामुळे.

मग तो येतच राहिला. नाटकाच्या जुन्या जाहिरातींचे कागद घेऊन यायचा आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला आठ आडव्या रेघा ओढायचा. एकेक रेघ म्हणजे पाव्याचं एकेक भोक. रेघेवर ठिपका असेल तर ते भोक बंद. ठिपक्याच्या जागी वेगवेगळी चिन्हं काढून ठोका, कंप, चिमटा तो लिहून घ्यायचा. “मला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही,” म्हणायचा. डॉर्कसला त्याचं कौतुक वाटे. एवढी माणसं शिकून गेली, पण हिच्या बोटांकडे असं टक लावून कोणी बघितलं नव्हतं.

“उसाशाची खूण कुठे घालू? सुराच्या आधी की नंतर?”

“कुठेही घाल. वाजवताना शेवटी आला म्हणजे झालं.”

“आणि किती वेळ?”

“श्वास उरेल तेवढा.”

“अगं, हे लिहायचं कसं?”

“मग लिहू नकोस. ऐक.”

उसासा त्याला शेवटपर्यंत जमला नाही. व्हायोलिनवाल्याचा हात, बोट पटकन उचललं जायचं. मी कोपऱ्यातून म्हणाले, “निक, हा उसासा नाही, उचकी आहे.” तिघंही हसलो.

उन्हाळ्यात दोघं रविवारी शहराबाहेर इस्लिंग्टनला सायीचे केक खायला जाऊ लागले. त्याने गॅमेलियलकडे तिचा हात मागितला. त्यांनी आढेवेढे न घेता होकार दिला, उलट त्याला खांद्याला धरून दुकानात बसवलं, बिअर पाजली. सप्टेंबरअखेरचा मायकलमसचा सण झाला की चर्चमध्ये लग्नाची घोषणा करायची असं ठरलं. त्या दिवसांत निक आणि गॅमेलियल दार ओढून घेऊन खूप वेळ बोलत बसायचे. मी डॉर्कसला चिडवलं, “नवरा तुझा आहे की बाबांचा?” ती म्हणाली, “बाबांना मुलगा नव्हता ना, प्रू. बोलू दे त्यांना.”

सणाच्या थोडं आधीची गोष्ट. फुल्क डनेज नावाचा कापडाचा व्यापारी तिच्याकडे शिकायचा. पोट मोठं, श्वास आखूड, पण माणूस उत्साही. त्या सकाळी तो काखेत एक आडवं, नवं कोरं पुस्तक घेऊन आला. शाईचा वास अजून गेला नव्हता. बसला, पावा तोंडाला लावला, आणि प्रत्येक लांब सुराच्या सुरुवातीलाच बोट फटकन उचलायला लागला.

“हे काय करताय?” डॉर्कसने विचारलं.

“उसासा.”

“हा शब्द तुम्हाला मी कधी शिकवला? तुमचा अजून चिमटासुद्धा बसला नाही.”

“तुम्ही नाही, बाई. पुस्तकाने.” त्याने पान उघडून तिच्यासमोर धरलं. “हे बघा. उसासा, सुराच्या आरंभी, बोट पूर्ण उचलून.”

“चुकीचं आहे ते. उसासा शेवटी असतो. आणि बोट अर्धंच.”

डनेज जरा ओशाळला, पण छापलेलं सोडायला तयार होईना. “बाई, राग मानू नका. तुम्ही छान शिकवता. पण ज्याने हे शब्द काढले त्याला जास्त माहीत असणार ना? सुरुवातीलाच लिहिलंय बघा, ही नावं आपण स्वतः योजली आहेत म्हणून.”

डॉर्कसने पुस्तक हातात घेतलं. मी उठून तिच्या मागे उभी राहिले. मला अक्षरं सावकाश लागतात, पण चित्र ओळखता येतं. आठ रेघा, रेघांवर ठिपके, मधेमधे तीच चिन्हं. चिमटा होता. ठोका होता, कंप होता. तरी ती शांत होती. “कोणालाही सुचू शकतं,” असं पुटपुटली. पान उलटलं. तिथे, फुंकर कशी घालावी या मथळ्याखाली, छापलं होतं की दिवा विझवायचा नाही, ज्योत नुसती वाकवायची.

तिने ते दोनदा वाचलं. मग पहिल्या पानावर गेली. लेखक: एन. टी., एक सद्गृहस्थ. खाली मोठ्या अक्षरांत: कोणत्याही शिक्षकाच्या मदतीवाचून घरबसल्या शिकण्याची सोपी रीत.

“काय झालं?” डनेज म्हणाला. “पुस्तक वाईट आहे का?”

“नाही,” डॉर्कस म्हणाली. “आज बोटं दुखताहेत माझी. उद्या या.”

तो गेल्यावर तिने शाल घेतली. मी विचारलं नाही कुठे, सोबत निघाले. टेम्पलच्या कमानीजवळ गाण्याची पुस्तकं विकणारं एक दुकान होतं, निक दुपारचा तिथेच सापडायचा. तेव्हाही होता. फळीवर त्याच्या पुस्तकाची चळत होती आणि तो एका तरुण वकिलाला एक प्रत दाखवत होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा आधी उजळला. मग तिचा चेहरा बघून बदलला.

“डॉर्कस! लग्नाच्या आधी तुला दाखवून थक्क करणार होतो.”

“झाले थक्क.”

“बाहेर चल, बोलू.”

“इथेच बोल. तू म्हणालास, मला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. मी आईचा एकेक शब्द तुझ्यासमोर ठेवला. आणि तू लिहितोस, ही नावं आपण स्वतः योजली?”

“अगं, ते सगळेच लिहितात. दुकानदाराला तसंच लागतं.” त्याने आवाज खाली आणला. “काताऱ्याच्या पोरीने शिकवलंय असं छापलं तर घेईल का कोणी? मी हे कोणासाठी केलं? आपल्या संसारासाठीच ना? आयुष्यभर नाटकघरात मेणबत्त्यांच्या धुरात बसू?”

“मला विचारायला काय झालं होतं?”

“विचारण्यासारखं काय आहे त्यात? शब्दांवर कोणाची मालकी असते? उसासा तर सगळं लंडन टाकतं.”

“सगळं लंडन आता उचक्या देणार आहे,” ती म्हणाली. “उसासासुद्धा तुला धड ऐकू आला नाही, निक. एवढे महिने माझ्यासमोर बसून.”

हे त्याला लागलं. मला दिसलं ते. माणूस वाईट नव्हता असं मी आजही म्हणेन, पण दुखावला गेला की दुसऱ्याला दुखावल्याशिवाय त्याला राहवत नसे. तो म्हणाला, “माझ्यावर ओरडतेस. घरी जाऊन बाबांवर ओरड. शेवटचं पान बघ.”

डॉर्कसने चळतीतली वरची प्रत उघडली. शेवटच्या पानावर चौकटीत छापलं होतं: या पुस्तकातल्या धड्यांसाठी सर्वांत योग्य पावे श्री. गॅमेलियल प्रेन यांच्या दुकानी मिळतील. खाली आमच्या गल्लीचं नाव, दुकानाची खूण, सगळं.

तिने प्रत नीट चळतीवर ठेवली, कडा जुळवल्या, आणि निघाली. वाटेत एका कोळसेवाल्याची गाडी आडवी आली होती. लोक शिव्या देत होते आणि ती त्या गर्दीत वाट मिळेपर्यंत उभी राहिली, जणू तिला कुठेच पोचायचं नव्हतं.

घरी गॅमेलियल जेवायला बसत होते. उकडलेलं मटण आणि सलगम. मी दारातूनच परत फिरणार होते, पण तिने माझा हात सोडला नाही.

“बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

त्यांनी सुरी खाली ठेवली. कशाबद्दल, असं विचारलं नाही. “उन्हाळा लागला तेव्हापासून.”

“म्हणजे माझं लग्न ठरायच्या आधी.”

“पुस्तकाचं आधी ठरलं. लग्नाचं नंतर.” मग त्यांना स्वतःलाच ते कसं ऐकू आलं कोण जाणे, घाईघाईने म्हणाले, “पोरी, ते फ्रेंच लोक आलेत बघ. तीन तुकड्यांचा पावा करतात, नक्षीदार, गोड. सगळे बडे लोक तिकडे जाताहेत. माझ्याकडे कोण येणार? पुस्तकात नाव आलं तर गिऱ्हाईक टिकेल. आणि तुझ्या आईचे शब्द तरी... ते तुझ्याबरोबर संपले असते. आता घरोघरी जातील.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणून सांगितलं नाहीत.”

“हो,” ते म्हणाले.

मला वाटलं, आता ती रडेल. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. “उसासा चुकीचा छापलाय. तुम्ही छापायच्या आधी पुस्तक बघितलं होतंत का?”

गॅमेलियलनी ताट बाजूला सारलं. “छपाईचे तांब्याचे पत्रे कोरून झाले होते. पुन्हा कोरायचे म्हणजे सगळं लांबलं असतं. शेवटचं पान तेवढं माझं होतं, ते मी नीट तपासलं.”

“आईने तुमच्या प्रत्येक पाव्यावर तो वाजवला होता.”

“माहीत आहे मला.”

“तुम्हाला ऐकू आला होता का कधी?”

“रोज,” ते म्हणाले, आणि ते मात्र खरं होतं हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मला वाटतं, तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. निकला कळलंच नव्हतं. यांना कळत होतं आणि यांनी चालवून घेतलं.

लग्न मोडलं. निकने एक-दोनदा निरोप पाठवले, मग थांबला. पुस्तक खपलं. गॅमेलियलच्या दुकानात पूर्वी कधी नव्हती अशी गर्दी व्हायला लागली. लोक पुस्तक काखेत मारून यायचे, पावा घ्यायचे आणि मागच्या खोलीकडे न वळता थेट घरी जायचे. पुस्तकात लिहिलंच होतं, शिक्षकाची गरज नाही. जे थोडे शिकायला यायचे ते मधेच थांबवून सांगायचे, बाई, पुस्तकात असं आहे. डॉर्कस म्हणायची, “असेल.” संध्याकाळी गल्लीतल्या खिडक्यांतून पावे वाजायला लागले की प्रत्येक लांब सुराच्या तोंडाशी तो झटका यायचा. ती खिडकी लावून घ्यायची. उन्हाळ्यातसुद्धा.

बापलेक एकाच घरात राहत होते. मीठ द्या, दार लावा, लाकूड आलं का, एवढंच बोलणं. गॅमेलियलनी तिला नवा झगा करून दिला. तिने तो आभार मानून घेतला आणि पेटीत ठेवला.

दुसऱ्या वर्षी निक पुन्हा दुकानात आला. पहिल्या प्रती संपल्या होत्या, नवी आवृत्ती काढायची होती. या वेळी हातात टोपी धरून उभा होता. गॅमेलियल बाकड्यावर होते, डॉर्कस कपाटाशी होती, मी सुरकुत्या काढलेल्या कॉलरी पोचवायला आले होते.

“डॉर्कस, मी चुकलो,” तो म्हणाला. “तू म्हणालीस ते डोक्यातून जात नाही. मला खरंच ऐकू आलं नव्हतं. आता पत्रे नव्याने कोरायचेत. तू एकदा वाजवून दाखव, मी बरोबर करून घेतो. यात तुझं नावसुद्धा घालतो, दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे.”

गॅमेलियलनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत एवढी आशा मी कधी बघितली नव्हती. “दाखव पोरी,” ते म्हणाले. “आईचं नीट होऊ दे.”

डॉर्कसने कपाटातून पावा काढला. पुसला. एक लांब सूर धरला आणि त्याच्या अगदी सुरुवातीला बोट पूर्ण उचललं. फटकन. पुस्तकात होतं अगदी तस्संच. पुन्हा एकदा केलं, सफाईने.

“पण... हे तर छापलंय तेच,” निक म्हणाला.

“मग बरोबर छापलंय.”

“तेव्हा तू म्हणाली होतीस...”

“तेव्हा मी रागात होते. पुस्तक बरोबर आहे. माझं नाव नको घालू.”

निक तिच्याकडे बघत राहिला. त्याला संशय आला असणार, पण तपासणार कसा? उसाशापुरता कान तर त्याला नव्हताच. आभार मानून गेला. त्याचं पाऊल बाहेर पडताच गॅमेलियल उठले. 

“असं का केलंस? आता ते कायमचं चुकीचं राहील!”

“हो,” डॉर्कस म्हणाली. “तुम्ही चालवून घेतलंत, तसंच मीही.”

“तिचा होता तो!”

“म्हणूनच त्याला दिला नाही.”

ते मटकन बाकड्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी कॉलरींची टोपली तिथेच ठेवून घरी आले. तिने बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. मी असते तर कदाचित खरं वाजवून दाखवलं असतं. पण माझ्या आईचं असं काही कोणी नेलं नाही.

त्या हिवाळ्यात डॉर्कस डेप्टफोर्डला गेली. तिथे तिची मावशी गोदीतल्या सुतारांच्या मुलींना वाचायला शिकवते. मावशीची नजर अधू झाली होती, मदतीला माणूस हवं होतं. पावा तिने बरोबर नेला नाही. लग्नही केलं नाही, पण ती रडतकुढत बसली आहे असं कोणी समजू नये. अंगाने भरली आहे, मुलींवर चांगला धाक आहे, शेजारणींशी कडकडून भांडते. निकच्या पुस्तकाची फॅशन पुढे गेली. फ्रेंच पाव्याची वेगळी पुस्तकं आली, वेगळे शब्द आले, आणि तो कुठल्याशा सरदाराच्या घरी मुलांना शिकवायला लागला असं ऐकलं.

गॅमेलियल आता म्हातारे झालेत. रविवारी चर्च सुटलं की होडी करून डेप्टफोर्डला जातात. मागच्या महिन्यात मीही बरोबर गेले. तिने मासे भरून भाजलेली पाई वाढली, बाबांच्या ताटातले काटे स्वतः काढून दिले. ते म्हणाले, “थंडी वाढली या वर्षी.” ती म्हणाली, “हो, शाल पांघरत जा.” ते म्हणाले, “मावशीची तब्येत?” ती म्हणाली, “आहे तशीच.” भरती फिरायची वेळ झाली तेव्हा तिने त्यांना पायऱ्यांपर्यंत हाताला धरून आणलं, होडीत नीट बसवलं, आणि होडी सुटायच्या आधीच वळून चालायला लागली.

बरंच पुढे आल्यावर गॅमेलियल म्हणाले, “प्रू, तू आत भांडी घासायला गेली होतीस तिच्याबरोबर. माझ्याबद्दल काही बोलली का?”

मी खोटं बोलू शकले असते. “नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. “पुढच्या रविवारी पेअर नेतो. तिला पेअर आवडतात.” आणि होडीवाल्याला म्हणाले, “जरा हळू चालव बाबा, घाई नाही.”